भिंतीवरच्या उजेडाचा पंचनामा

नोकरीत पंचनामे पुष्कळ केले. घरांचे, विहिरींचे, जळालेल्या कडब्याच्या गंजीचे, एकदा तर चोरीला गेलेल्या बोकडाच्या तुटक्या दाव्याचाही. भिंतीवर पडलेल्या उजेडाचा पंचनामा मात्र एकदाच केला, आणि निवृत्त होऊन घरी बसलो तरी सगळ्यांत आधी तोच आठवतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हळदीचा हंगाम होता. कुरुंदा, शिरड शहापूर या पट्ट्यातली शिजवून वाळवलेली हळद पोत्यांत भरून मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, चालली होती, आणि तिच्या धुरळ्यात आमच्या ठाण्याचा व्हरांडाही पिवळा झाला होता. अशात एका दिवेलागणीला फोन आला की, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर स्कूटीवरून घरी जाताना नळ्यांच्या पुलाजवळ खड्ड्यात पडल्या आहेत. पाठोपाठ त्यांचे यजमान फिर्याद घेऊन आले. अज्ञात वाहनाने समोरून धडक दिली आणि चालक पळून गेला, अशी ती फिर्याद होती.

या सिस्टर म्हणजे त्या चार-सहा गावांचं मोठं माणूस. तिथल्या निम्म्या घरांतली लेकरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे फिर्याद लिहून होईपर्यंत ठाण्यासमोर माणसं जमली होती, आणि जो कोणी सापडेल त्याला आमच्या ताब्यात द्या, अशी मागणीही आली होती. मी बाहेर जाऊन सांगितलं, "सापडला तर आधी माझ्या ताब्यात राहील. तुमचा नंबर नंतर." लोक थोडे हसले, पण हलले नाहीत.

सकाळी पंचांसमक्ष घटनास्थळ पाहिलं. स्कूटी डाव्या अंगावर घासत गेली होती, ओरखडे फक्त त्याच बाजूला होते. परक्या गाडीचा रंग नाही, फुटलेली काच नाही, रस्त्यावर ब्रेकची खूण नाही. धडकेच्या गुन्ह्यात धडकच सापडेना. मग रुग्णालयात जाऊन सिस्टरांचा जबाब घेतला. पाय प्लास्टरमध्ये, चेहरा ओढलेला, पण आवाज ठाम होता.

"सिस्टर, गाडीचा धक्का लागला का?"

"तेच तर आठवत न्हाई, साहेब. समोरून पांढरा फक्क उजेड आला. रस्ता कुठं अन् कड कुठं, काहीच दिसंना. डोळे उघडले तर पायावर स्कूटी."

पांढरा उजेड, एवढाच काय तो धागा. त्याला धरून रस्त्यावरच्या चहावाल्याने टीप दिली. हा माणूस गिऱ्हाईकाला कपाने आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीने ओळखायचा. तो म्हणाला, "साहेब, ह्या रोडला जुन्या पिकअपा लई हायेत, पण समद्यांचे लाइट पिवळे. एकानंच ह्या सीझनला पांढरे बसवलेत. त्या दिवशी माल घेऊन तो हितूनच गेला."

पिकअपवाला तासाभरात ठाण्यात हजर. तिशीतला, सडसडीत, हाताला हळदीचा रंग लागलेला. आमच्या हवालदाराने त्याला ओळखलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, ह्याची पोरगी सिस्टरच्याच हातावर झाली. अडलेली बाळंतीण होती, मायलेकी दोघी वाचल्या. अन् हा तिलाच पाडून पळाला." बाहेर जमलेल्या माणसांतही हेच वाक्य फिरत होतं. शिक्षा होवो न होवो, हे वाक्य खरं ठरलं असतं तर त्या माणसाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि हे त्यालाही कळत होतं.

"पळून काहून गेलास?" मी विचारलं.

"कुणापासून पळू, साहेब? मला कुणी पडलेलं दिसलंच न्हाई. माल भरून मोंढ्याला चाललो होतो. पुलाजवळ समोरून स्कूटी येऊन राहिली होती. मी डिप्परवरच होतो, उजेड खालीच ठेवला होता. बराबर माझ्या बाजूनं निघालो."

"लाइट काहून बदलले?"

"जुन्या लाइटाला काही दिसत नव्हतं. काचा पिवळ्या पडलेल्या, मेणबत्तीवानी उजेड. एक डाव म्हशींचा कळप पार नाकाशी आल्यावर दिसला. म्हणलं, उद्या म्हशीच्या जागी कुणाचं लेकरू असलं तर? म्हणून बसवले." मग त्याने विचारलं, "साहेब, सिस्टरचा पाय नीट होईल ना?"

चौकशीत खोटं बोलणारा माणूस स्वतःची बाजू लावून धरतो. हा दर दोन वाक्यांनी सिस्टरांच्या पायावर येत होता. पण भला माणूसही घाबरून पळतो, तेही मी पाहिलेलं. म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवला नाही आणि त्याला आरोपीही म्हटलं नाही. गाडी ताब्यात घेतली.

गाडीला ओरखडा नव्हता. संध्याकाळी ती ठाण्याच्या कुंपणाच्या भिंतीसमोर दहा-बारा पावलांवर उभी केली आणि डिप्परवर लाइट लावले. उजेड पांढरा होता खरा, पण भिंतीच्या पायथ्याकडे, मांडीइतक्या उंचीवर, अगदी शहाण्यासारखा पडला. ज्या गॅरेजात दिवे बसवले तिथला मेकॅनिकही म्हणाला, "साहेब, भिंतीवर धरून सेट केले होते. हे बघा, जागचे हललेले न्हाईत." हवालदाराने सुस्कारा टाकला. पिकअपवाल्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला.

मला मात्र बरं वाटेना. कारण दुसऱ्याच दिवशी लोकांच्या बोलण्याचा रोख फिरला. धक्का नाही, उजेड खाली, मग बाई पडली कशी? "बाईलाच गाडी येत न्हाई, नाव दुसऱ्याचं," असं आता पानटपरीवर ऐकू येऊ लागलं. रोज पंधरा-वीस किलोमीटर स्कूटीवर फिरून लेकरांना डोस पाजणाऱ्या बाईबद्दल हे बोलताना कुणाची जीभ अडखळली नाही. त्याचा मला संताप आला. माणूस खरा वाटत होता, बाई खरी वाटत होती, आणि दोघं खरे असतील तर ती पडायलाच नको होती.

उत्तर ठाण्यासमोरच्या रस्त्यावरून चालत आलं. कडब्याने लादलेली एक बैलगाडी आली. मागे भार जास्त झाल्याने जू वर उचललं जात होतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसत होता. याला आमच्याकडे गाडी उलाळ झाली म्हणतात. गाडीवान खाली उतरून मागच्या पेंढ्या पुढे टाकत होता. मी शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी बापाच्या शिव्या खात हेच काम केलेलं. हातातला चहा तसाच ठेवून मी हवालदाराला हाक मारली, "पिकअपमध्ये पोती भरायची. त्या दिवशी होती तितकी. दिवेलागणीच्या आत."

"साहेब, हळद कुणाची आणू?"

"कुणाचीही आण. वजनाला हळदच पाहिजे असं नाही."

शेजारच्या दुकानदाराने सोयाबीनची पोती दिली. वजन त्या दिवसाइतकं जुळवलं. पिकअपच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे आधीच जुने होऊन बसलेले. पोती चढत गेली तसा गाडीचा मागचा भाग खाली गेला आणि नाक वर आलं. अंधारून आल्यावर पंचांना उभं केलं आणि पिकअपवाल्याला कालच्याच जागी, कालच्याच डिप्परवर लाइट लावायला सांगितलं.

उजेड पायथ्याशी पडलाच नाही. तो भिंतीच्या छातीवर चढला, तिथून वर, आणि भिंतीजवळ टेप धरून उभ्या असलेल्या आमच्या हवालदाराच्या थेट डोळ्यांत गेला. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ओरडला, "बंद कर रे! आंधळा करतो का?"

पिकअपवाल्याने लाइट बंद केले नाहीत. तो खाली उतरला, भिंतीपाशी गेला आणि हवालदाराला बाजूला करून स्वतः त्या उजेडात उभा राहिला. बराच वेळ डोळे उघडे ठेवायची खटपट करत होता. मग परत आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते उजेडाने की कशाने, हे मी विचारलं नाही.

"लिवा, साहेब," तो म्हणाला. "मीच हाय."

मी लिहिलं. गाडी रिकामी असताना उजेड इतक्या उंचीवर, भरलेली असताना इतक्या. गॅरेजात प्रत्येक जण रिकामी गाडी घेऊन जातो आणि रस्त्यावर भरलेली घेऊन येतो, एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. धडक देऊन पळाल्याचा आरोप टिकला नाही. नियमात न बसणाऱ्या दिव्यांबद्दल आणि झालेल्या दुखापतीबद्दल जे काय होतं ते त्याने न्यायालयात स्वतःहून कबूल केलं आणि शिक्षा म्हणून झालेला दंड भरला.

त्याआधी त्याने एक काम केलं. माझ्यासोबत रुग्णालयात आला आणि वॉर्डाच्या दारातच उभा राहिला. 

"ताई, माझ्याच गाडीचा उजेड होता," तो तिथूनच म्हणाला.

सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी खाणार. त्या म्हणाल्या, "म्हंजे मला गाडी चालवता येती ना?"

"येती की, ताई."

"मग हे भाईर जाऊन समद्यांला सांग. अन् ते लाइट खाली कर." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. हाड मोडल्यापेक्षा लोकांचं बोलणं त्यांना जास्त लागलं होतं.

तो सरळ गावच्या पारावर गेला आणि सगळ्यांदेखत बोलला. शिव्याही खाल्ल्या. पण जिने लेकरू हातात दिलं तिला पाडून पळाला, हे वाक्य त्या दिवसापासून कुणी उच्चारलं नाही. गाडीचे पाटे त्याने नवे करून घेतले, दिवे नियमात बसणारे लावले आणि माल भरून ते खाली करून आणले. पुन्हा पिवळ्या मेणबत्तीकडे मात्र तो गेला नाही, आणि जावं असं सिस्टरही म्हणाल्या नाहीत.

सिस्टर चालायला लागल्यावर त्याने त्यांना स्कूटीसकट वजनकाट्यावर बोलावलं. भरलेली प्रत्येक गाडी मोंढ्याला जाण्याआधी या काट्यावर थांबते. हातात चुन्याची बादली आणि कुंचा. म्हणाला, "ताई, नेहमी बसता तशा गाडीवर बसा." त्यांच्या खांद्याच्या खाली त्याने काट्यासमोरच्या भिंतीवर खूण केली आणि तिथून या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढली.

लबाड कोण हे शोधणं म्हणजेच तपास, असं नोकरीच्या सुरुवातीला शिकवलं जातं आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. या प्रकरणाने मला शिकवलं की समोरासमोरची दोन माणसं खरी असू शकतात. तेव्हा माणसांवर ओरडणं थांबवावं आणि वस्तूकडे, ती ज्या अवस्थेत वापरली जाते त्या अवस्थेत, एकदा बघावं. त्यानंतर मी कुणाचाही जबाब घाईने खोटा म्हटला नाही.

मागच्या हंगामात नातेवाइकांकडे गेलो होतो. संध्याकाळी परतताना त्या काट्यावर थांबलो. मला न ओळखणारा एक पोरगेला ड्रायव्हर भरलेली गाडी भिंतीसमोर लावून, स्क्रू-ड्रायव्हरने दिवे खाली घेत होता. मुद्दाम विचारलं, "हे काय चाललंय?"

"सिस्टरची रेघ हाय ही, काका," तो मान वर न करता म्हणाला. "उजेड हिच्या वर गेला तर काटेवाला पावती देत न्हाई."

ती नव्या चुन्याने नुकतीच परत ओढलेली दिसत होती. मी गाडीला किक मारली. पुलाजवळ समोरून पोत्यांनी भरलेली एक जुनी पिकअप आली, तिचा पांढरा उजेड रस्त्यावर पसरलेला होता, आणि मला डोळे मिटावे लागले नाहीत.