पेलागियाची उंच गाडी

अथेन्समधल्या गलात्सी वस्तीच्या चढावर राहणारी पेलागिया रोज सकाळी मोटरसायकलवर बसत नसे, चढत असे. डाव्या पायटेकावर पाय, मग उजवी टांग पलीकडे, की बाई वर. सीटच तिच्या कमरेच्या वर यायची. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, पुढे दगडधोंड्यांपासून इंजिन वाचवणाऱ्या लोखंडी नळ्या. डोंगरदऱ्या तुडवायला केलेली गाडी, आणि बाई जायची ओमोनिया चौकाजवळच्या हॉटेलात चादरी धुवायला.

लोक हसत. हसणाऱ्यांनी अथेन्सचे रस्ते पाहिले नसावेत. एकाने चर खणायचा, तो बुजायच्या आत दुसऱ्याने शेजारी खणायचा, आणि तिसऱ्याने दोन्हींवर डांबराचा पापड थापायचा. यापेक्षा वाळवंट परवडलं. लहान चाकांच्या स्कूटर त्या खड्ड्यांत दात आपटत जात, पेलागियाची गाडी नुसती मान डोलवून पार होई. शिवाय जन्मभर सगळ्यांकडे मान वर करून बघितलेल्या बाईला सीटवरून मोटारींची टपं दिसायची. हे सुख ती का सोडेल?

अडचण एकच. थांबल्यावर पाय जमिनीला पुरत नसत. म्हणून ती कायम उजवीकडचा फुटपाथ धरायची आणि त्याच्या कडेवर उजवा पाय टेकवायची. कुठल्या वळणावर कड उंच आहे, कुठे तुटलीय, हे तिला पाठ होतं.

तिचा थोरला भाऊ थ्रासोस याला मात्र हे बघवत नव्हतं. तो स्वतः स्कूटरवाला, हेल्मेट कोपरात अडकवून हिंडणारा. कोपर सुरक्षित, डोकं देवाच्या भरवशावर. एका रविवारी अर्गिरिसच्या कॉफीच्या दुकानात, चार माणसांदेखत, त्याने विषय काढला.

"पेलागिये, वीक ती घोडी. तुझ्या मापाची स्कूटर घेऊन देतो."

"माझं माप काढायला तू शिंपी आहेस का, दादा?"

"पडलीस तर उचलणार कोण?"

"मी."

दुकानात खसखस पिकली. अर्गिरिस म्हणाला, "ताई, मला फ्रीज सरकवायला दोघं लागतात."

"तू बोलत बोलत सरकवतोस म्हणून."

थ्रासोसने हातातली मण्यांची माळ टेबलावर ठेवली. "ठरलं तर. ज्या दिवशी पडशील आणि दुसऱ्याचा हात लागेल, त्या दिवशी किल्ली माझी."

"ठरलं," पेलागिया म्हणाली. त्या टेबलावर चौघांदेखत दिलेला शब्द कुणी मागे घेत नाही, आणि ती तर नाहीच नाही.

फेब्रुवारी आला. आमच्या रस्त्यांच्या कडेची कडू संत्री तेव्हा पिकून पडतात. ती कुणी खात नाही, कुणी उचलत नाही, नुसती चाकांखाली चिरडतात. शनिवारी दुपारी पेलागिया कामावरून चढ चढत होती. अर्गिरिसच्या दुकानासमोरच पुढे कचऱ्याची गाडी आडवी आली. पेलागियाने सवयीने फुटपाथ धरला, न बघता पाय टेकवला, तो थेट संत्र्यावर. पाय सटकला आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. बाई कशीबशी बाजूला निसटली.

दुकानातल्या खुर्च्या करकरल्या. सगळ्यांत पुढे थ्रासोस, हात पसरून.

"हात लावायचा नाही," पेलागिया म्हणाली. "कुणीच."

"अगं, लागलंय का तुला? पेट्रोल गळतंय."

"गळू दे, माझं आहे. मागे हो, दादा."

तो मागे झाला, पण हात तसेच पसरलेले राहिले. इंजिन बंद करून तिने गाडी गिअरमध्ये टाकली. वर आलेल्या बाजूचा स्टँड पायाने उघडला. मग सीटला पाठ लावून उकिडवी बसली, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने मागची दांडी, आणि पायांनी रेटलं. गाडी टीचभर उठली. तिचा बूट पुन्हा संत्र्याच्या रसात घसरला आणि गाडी परत खाली बसली.

"किल्ली दे आणि सोड," थ्रासोस म्हणाला. आवाज चिडका होता, चेहरा पांढरा.

तिने गळ्यातला मफलर काढून बुटांखाली पसरला. ओल्या चादरींच्या मोळ्या वर्षानुवर्षं पाठीवर घेणारी बाई पुन्हा बसली. पाठ ताठ ठेवून तिने एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं. गाडी हळूहळू तिच्यामागे उठली आणि टक्कन स्टँडवर कलली.

टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. आरसा मोडून लोंबत होता. तो उपटून तिने पेटीत टाकला.

"पुढच्या वेळी?" थ्रासोसने विचारलं.

"पुढच्या वेळीही मीच." ती वर चढली. "तुला उचलायची एवढीच हौस असेल तर ही संत्री उचल."

सोमवारी संध्याकाळी ती त्याच चढावर आली तेव्हा दुकानासमोरची फुटपाथची कड लख्ख झाडलेली होती. थ्रासोस खुर्चीत कॉफी पीत होता, खुर्चीला झाडू टेकवलेला. पुढे रस्ता मोकळा होता. तरी पेलागिया थांबली, त्याच्या नजरेसमोर तिथेच उजवा पाय टेकवला, आणि सावकाश निघून गेली.