चाळलेलं खाद्य

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुंडलिकनगरातून रोज सकाळी मोटारसायकल काढायची, दिवसभरात कोंबड्यांच्या पाच-सहा शेडना भेट द्यायची, प्रत्येक ठिकाणी काहीतरी चुकलेलं शोधायचं आणि त्यावर तोंड सोडायचं, हे माझं कित्येक वर्षांचं काम. आमची खाद्याची मिल लहान. मिल शेतकऱ्याला एक दिवसाची पिल्लं देते, खाद्य देते; शेतकऱ्यानं शेड, पाणी आणि मेहनत द्यायची; चाळीसेक दिवसांनी मोठे झालेले पक्षी मिल घेऊन जाते. मधल्या काळात शहाणपण पुरवायला मी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मुकुंदवाडीच्या पुढे, शहर जिथं संपल्यासारखं वाटतं आणि लगेच पुन्हा सुरू होतं, तिथं एका घराची नवी शेड होती. नवरा शेंद्र्याच्या कारखान्यात शिफ्टला, सासरे शेतात, आणि शेड बघायला घरातली सून. मी तिला ताई म्हणतो. शेड तिच्याच हट्टावर उभी राहिली होती आणि ही तिची पहिली बॅच. सासऱ्यांना हे खूळ वाटायचं. टायरच्या एका व्यापाऱ्याला त्या भागात गोदाम हवं होतं, आणि मी गेलो की सासरे माझ्यादेखत तिला ऐकवायचे, "ही बॅच सरळ निघाली तर ठीक. नाय तर शेड गोदामाला देऊन टाकू. मग बस घरात."

ती उलटून बोलायची नाही. एकदाच, ते गेल्यावर, मला म्हणाली, "घरात दिवसभर सगळे मलाच विचारतेत, हे केलं का, ते केलं का. शेडचं दार उघडलं की मला कुणी काही विचारत नाय, साहेब. इथं मी विचारते, जेवले का रे सगळे." मी मान हलवली आणि पाण्याची भांडी तपासायला लागलो.

पिल्लं येऊन तीन-चार दिवस झाले होते. मी दारातच उभा राहिलो. ती उभ्यानंच बादलीतून खाद्य ओतत होती आणि भुकटीचा लोट उठत होता. आमचं खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड भरडून केलेला भरडा. ओतताना भुकटी उडतेच. वाकून, भांड्याजवळ हात नेऊन, हळूहळू ओतलं की उडत नाही. हे मला सांगायचं होतं. मी काय सांगितलं? "ताई, ही धूळ कसली? पिल्लांच्या नाकात जाते, छाती भरते. खाद्यात मला धूळ नको. परत दिसली तर मिलच्या मालकाच्या कानावर घालीन." एवढं बोललो, गाडीला किक मारली आणि पुढच्या शेडवर ओरडायला निघून गेलो.

पुढच्या भेटीला शेडमध्ये धुळीचा कण नव्हता. माझी छाती फुगली. माझ्या तोंडून सहसा न निघणारा शब्दही निघाला, शाबास. ती लाजून हसली. हे कसं जमवलं, एवढं विचारायला मात्र माझी जीभ वळली नाही.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. "साहेब, काही पक्षी बसायलेत. उठतच नायत."

मी गेलो. कोंबडीच्या पायाच्या मधल्या सांध्याला सगळे गुडघा म्हणतात. खरं तर तो घोटा. काही पक्ष्यांचा तो सांधा सुजला होता आणि त्यावरची शीर जागची सरकून एका बाजूला गेली होती. पाय असा बाहेर फाकला की पक्षी पंखांवर जोर देऊन सरपटतो. पाण्यापर्यंत पोचता येत नाही, खाद्यापर्यंत पोचता येत नाही, आणि आजूबाजूचे धडधाकट भाऊ त्याला तुडवून जातात. तिनं अशा पक्ष्यांना एका कोपऱ्यात पोत्यांचा आडोसा करून ठेवलं होतं आणि वाटीनं एकेकाच्या चोचीला पाणी लावत होती. प्रत्येकाला उचलताना पायाखाली तळहात धरत होती. ते बघून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो.

"खाली अंथरलेला भाताचा तूस ओला ठेवला असणार तुम्ही," मी म्हणालो आणि मूठभर उचलून दाबला. कोरडा ठणठणीत. "मग पाणी बदललं असेल." बदललं नव्हतं. मी तिच्या डोळ्यांत बघत नव्हतो, एवढं आठवतं.

असं पाय जाण्यामागं कारणं बरीच असतात, पण एक आम्हाला तोंडपाठ असतं. पोतंभर खाद्यात जेमतेम मूठभर एक मिश्रण असतं. त्यात मँगनीज, जस्त, तांबं, लोह, आयोडीन, सेलेनियम आणि जीवनसत्त्वं. सगळं मिळून मूठभर, पण मांसासाठी वाढवलेली कोंबडी इतक्या झपाट्यानं वाढते की ती मूठ नसली तर अंगावर मांस चढतं आणि ते पेलणारं हाड मागं राहतं. मँगनीज आणि जस्त कमी पडलं की पहिल्यांदा पाय बोलतात. म्हणून मी न उघडलेल्या पोत्यातून नमुना काढला आणि तपासायला पाठवला. मिलमध्येच मिश्रण घालायचं राहिलं असेल, अशी माझी शंका होती.

नमुन्यात सगळं जिथल्या तिथं निघालं. मिल सुटली. आमच्या मालकांचा नियम सरळ आहे: खाद्य चांगलं आणि पक्षी बसले, म्हणजे शेडची चूक, अशा शेडला पुन्हा पिल्लं नाहीत. मी भेटीच्या कागदावर लिहिलं, "शेडवर निगा कमी पडली." ती बाई दिवसातून किती वेळा त्या पक्ष्यांना पाणी पाजत होती हे डोळ्यांनी बघून आलेल्या माणसानं हे लिहिलं.

पुन्हा पिल्लं मिळणार नाहीत, हा मालकांचा निरोप तिला सांगायचा होता. कडू काम मला लवकर उरकायला आवडतं, म्हणून नेहमीसारखा दुपारी न जाता मी सकाळीच गेलो. टायरवाला व्यापारी आधीच येऊन शेड बघून गेला होता, हे मला सासऱ्यांनी फाटकातच सांगितलं.

शेडबाहेरच्या ओट्यावर ती बसली होती. एका बाजूला खाद्याचं उघडं पोतं, दुसऱ्या बाजूला मोठं टोपलं, मांडीवर बारीक जाळीची चाळण. ओंजळीनं खाद्य चाळणीत घ्यायचं, दोन हातांनी गोल फिरवायचं, वर राहिलेला भरडा टोपल्यात आणि खाली परातीत पडलेली भुकटी पत्र्याच्या डब्यात. सराईत हात. पाहत राहावं असं काम. तिच्या पुढ्यात एक गावरान कोंबडा आणि तीन-चार कोंबड्या भाकरीच्या कुस्कऱ्यात कालवलेली तीच भुकटी टिपत होत्या. कोंबड्याचे पाय खांबासारखे, पिसांवर तेल चोपडल्यासारखी चमक.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"धूळ काढायली, साहेब," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. मी शाबास म्हणालो होतो त्याच कामाबद्दल आज विचारत होतो ना. "रोज सकाळी दोन तास लागतेत. माझं माहेर सोयगावचं. आई शेवया करून बाजारात विकायची. रवा तीनदा चाळल्याबिगर तिनं कधी पाणी घातलं नाय. ही तिचीच चाळण. तुम्ही म्हणले तव्हापासून एक दिस चुकवलं नाय. अन् भुकटी फेकत पण नाय, ह्या घरच्या कोंबड्या खातेत."

मी परातीतली चिमूटभर भुकटी बोटांत चोळली. राखाडी, मध्येच तपकिरी कण. भरडलेला मका जाड, पेंडही जाड, ती चाळणीत वर राहते. बारीक दळलेलं ते सगळं मिश्रण, जीवनसत्त्वांसकट, चाळणीतून सरळ खाली. सतरा-अठरा दिवस तिनं पिल्लांच्या तोंडचा, त्यांच्या पायांचा घास काढून अंगणातल्या कोंबड्याला घातले होते.

आणि मी ओरडलो. "ताई, अहो ही धूळ नाही! हेच तर औषध! सगळी ताकद ह्याच्यात असते, तीच तुम्ही चाळून टाकलीत! असली अक्कल तुम्हाला कुणी शिकवली?"

तिचे हात थांबले. तिनं चाळण मांडीवरून खाली ठेवली. मग हळू म्हणाली, "म्हणजे ते पक्षी माझ्या हातानं बसले?"

मी चिमटीतली भुकटी परत परातीत टाकली.

"तुम्हीच म्हणले व्हते ना, साहेब. खाद्यात धूळ नको."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. असतं तर मी उलटून भांडलो असतो, ते मला चांगलं जमतं. ती फक्त आठवण करून देत होती, आणि तिला खरंच कळत नव्हतं की आपण सांगितलं ते केलं तर मग चुकलं कुठं. मला माझा दारातला आवाज जसाच्या तसा ऐकू आला. वाका, हळू ओता, हे दोन शब्द बोलायला मला किती वेळ लागला असता? मला तिथं उभं राहवेना. लाज वाटली, साधी सरळ लाज.

सासरे मागून आले होते आणि सगळं ऐकत होते. त्यांच्या हातात आता पुरावाच होता. ते तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "काका, चूक माझी आहे. मी अर्धवट सांगितलं. हिनं सांगितल्याच्या दुप्पट केलं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चूक कुणाची का असंना साहेब, कोंबड्या तर आमच्या बसल्या." हे खरंच होतं.

त्या दिवसापासून खाद्य न चाळता द्यायचं ठरलं. डब्यातली भुकटी परत खाद्यात मिसळू का, असं तिनं विचारलं. ह्या वेळी मी उकिडवा बसून नीट सांगितलं, की ती मूठ मोजून घातलेली असते, कमी चालत नाही तशी जास्तही चालत नाही. पोत्यात आहे तेवढंच द्या. तिनं ते दोनदा विचारून घेतलं.

मग मी मालकांकडे गेलो आणि म्हणालो, आधीचा कागद फाडा, चूक शेडची नाही, माझी. मालक हसले. "तू तिला चाळायला सांगितलं होतंस का?"

"नाही. धूळ नको म्हणालो."

"मग तुझी कशी चूक? जास्तीची हुशारी तिनं केली."

"हुशारी नाही केली. रोज दोन तास बसून माझं ऐकलं," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा कागद मीच लिहिला होता, तो मलाच परत घ्यायचा होता. मालकांनी तो कागद काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, एक बॅच देतो, पण जिम्मेदारी तुझी. पुन्हा पक्षी बसले तर ती शेडही गेली आणि तूही. मी हो म्हणालो.

नव्यानं कुणी बसलं नाही. पण ज्यांची शीर सरकली होती ते उठले नाहीत. पक्षी न्यायला गाडी आली तेव्हा क्रेटमध्ये भरणाऱ्यांनी लंगडे बाजूला काढून ठेवले. ती त्यांच्याजवळ बसून पाणी पाजत होती. "आता सगळं मिळायलंय यांना. उठतील का?" तिनं विचारलं. बघू, असं म्हणून सुटायची माझी सवय आहे. त्या दिवशी म्हणालो, "नाही, ताई. हे नाही उठणार." तिनं मान डोलावली आणि पुढच्या पक्ष्याच्या चोचीला वाटी लावली.

सासरे एका बॅचपुरते थांबायला तयार झाले. टायरवाल्याला थांबा म्हणून कळवलं.

नवी पिल्लं आली त्या सकाळी मी तिथं होतो. शेड स्वच्छ, तूस नवा, दिव्यांखाली पिवळा चिवचिवाट. चाळण कुठं दिसली नाही. घरात शेवयांसाठी ठेवून दिली, म्हणाली. मी दारातच उभा राहून सुरू केलं, "हे बघा ताई, खाद्य टाकताना वाकायचं, हात खाली न्यायचा..."

तिनं भरलेली बादली उचलली आणि माझ्यापुढे ठेवली.

"तोंडानं नको, साहेब. करून दाखवा. तुम्ही जे सांगता ते मी करते. तुमच्या एका शब्दानं माझ्या हातून लई जीव अपंग झालेत."

इतकी वर्षं मी शेडशेडला खाद्य कसं टाकायचं ते सांगत आलो होतो. स्वतःच्या हातानं एकदाही टाकलं नव्हतं. मी दारात बूट काढले, बादली घेतली आणि पिल्लांमध्ये खाली बसलो.