सात पायऱ्यांचं जोतं

वेदगंगेच्या काठावर, निपाणीपासून दोन कोसांवरच्या कुडनवाडीत माणसाची पत पायऱ्यांवर मोजली जाई. मारुतीराव पाटलांच्या घराला पाच पायऱ्या होत्या. बाकी कुणाच्याही जोत्याला तिसरीवर चौथी पायरी चढवायची नाही, असा रिवाज होता. तो कुठल्या कागदावर नव्हता, काठीवर होता, आणि काठी वाचायला शाळेत जावं लागत नाही. भरमू गवंड्याच्या बापाने एका वाण्याच्या आग्रहाखातर एकदा चौथी पायरी बसवली होती. वाण्याला समज मिळाली आणि बापाची नडगी मोडली. पायरी वाण्याची असली तरी बसवणारे हात गवंड्याचे, असा न्याय झाला. त्या लंगड्या बापाकडूनच भरमू टाकी-हातोडा शिकला, आणि तीनच्या आत कसं राहायचं तेही.

१९३२ च्या श्रावणात नदी खालच्या गल्लीत शिरली. गल्लीतली घरं मातीच्या भिंतींची. पाणी कमरेला लागलं तेव्हा माणसं उभी होती. भिंती मात्र नव्हत्या. तेरा माणसं गेली. त्यांत भरमूच्या थोरल्या बहिणीचा, बायाक्काचा नवराही होता. तो बुडाला नाही, स्वतःच्याच भिंतीखाली चिरडला. बाहेर काढला तेव्हा चेहरा ओळखू येईना, म्हणून बायाक्काने कमरेच्या करगोट्यावरून ओळखला.

मग तालुक्याहून माणसं आली. पाणी जिथवर चढलं होतं तिथे त्यांनी उरल्यासुरल्या भिंतींवर डांबराची रेघ मारली आणि हुकूम वाचला. नवं घर बांधायचं तर जोतं रेघेच्या वर हातभर असलं पाहिजे. तसं असेल त्याला सरकारी वासे मिळतील. पावसाळ्याआधी जोतं झालं नाही तर वासेही नाहीत आणि त्या जागी घरही नाही. पाटलांचं घर उंचावर, त्यांची रेघ दुसऱ्या पायरीलाच थांबली होती. खालच्या गल्लीत रेघ अडीच हातांवर होती. त्यात हातभर मिळवला की साडेतीन. अर्ध्या हाताची एक पायरी धरली तर सात.

भरमूने हिशोब तीनदा केला. तिन्ही वेळा सातच आले. तेव्हा तो पाटलांच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"सात?" मारुतीराव सुपारी कातरत होते. "माझ्या डोक्यावर बसवतोस व्हय रं बहिणीला?"

"सरकारचा हुकूम हाय, पाटील."

"सरकार बेळगावात राहतंय. मी हितं राहतोय."

"आक्काची दोन पोरं हायत. पुन्हा पाणी आलं तर..."

"तर हितं यावं. माझ्या तिसऱ्या पायरीवर बसू देईन की! मी काय राक्षस हाय?"

मारुतीराव राक्षस नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी देवळाला घंटा दिली होती.

भरमूने मग एक युक्ती काढली. गल्लीतून दिसतील अशा तीनच पायऱ्या बांधल्या, तिसरीवर उंबरा बसवला, आणि उंबऱ्याच्या आत, घराच्या पोटात, आणखी चार पायऱ्या चढवून घडीव दगडाचं जोतं उभं केलं. बाहेरून रिवाज शाबूत होता आणि आतून हुकूम. मापं दोघांनाही पटतील अशी होती. भरमूची चूक एवढीच झाली की पाटलांच्या माणसांना तहान लागते, हे तो विसरला.

शामू हा पाटलांचा गडी. एका दुपारी तो पाणी मागायला म्हणून आत शिरला आणि पहिल्याच आतल्या पायरीला त्याचा अंगठा ठेचला.

"आरं तिच्या!" तो खाली बसून अंगठा दाबत म्हणाला. "पोटात चार लपवल्यात व्हय?"

तासाभरात तो तिघांना घेऊन आला. त्यांच्याजवळ पहारी होत्या. दोघांनी भरमूला खाली दाबून धरलं आणि त्याचा उजवा हात त्यानेच घडलेल्या दगडावर ठेवला. त्याच्याच हातोड्याने शामूने एकेक बोट ठेचलं. भरमू पहिल्या दोन बोटांना ओरडला, तिसऱ्यानंतर त्याचा आवाजच गेला. अंगठा तेवढा राखला. "जेवायला लागतोय की," शामू म्हणाला. मग त्यांनी जोत्याचा वरचा थर उचकटून गल्लीत फेकला. शेजारचा यल्लाप्पा दाराआडून बघत होता. त्याने नंतर सांगितलं की आपण डोळे मिटले होते.

आठवड्याने तालुक्याचा सर्कल अधिकारी मोजणीला आला. त्याने रक्ताळलेला दगड पाहिला, भरमूचा फडक्यात गुंडाळलेला हात पाहिला, आणि टेप लावला.

"चार बोटं कमी आहे," तो म्हणाला.

"माझी पण, साहेब."

सर्कलने हे लिहून घेतलं नाही. त्याच्या कागदात जोत्याला रकाना होता, हाताला नव्हता. मृगाच्या आत उंची भरली नाही तर जागा जाईल, अशी नोटीस त्याने बायाक्काच्या अंगठ्यावर बजावली आणि तो पाटलांकडे जेवायला गेला.

भरमूने डाव्या हाताने काम धरलं. दगड बायाक्का उचलायची, ओळंबा ती धरायची, तो फक्त ठोकायचा. आत लपवून काही साधलं नाही म्हटल्यावर त्याने उंबरा वर नेला आणि सातही पायऱ्या गल्लीत आणल्या, उघड्या, उन्हात. गल्लीतली माणसं त्यांच्यासमोरून मान खाली घालून जात. बघितलं तर साक्ष द्यावी लागते.

सातवी पायरी बसली त्या दिवशी सकाळी शामू पुन्हा आला. या वेळी एकटाच. एका हाताच्या गवंड्याला आणि एका विधवेला किती माणसं लागणार?

"भरम्या, डावा पण द्यायचा हाय का?"

"घे की," भरमू म्हणाला. "वर ये आन् घे."

शामू सात पायऱ्या चढून वर आला. पहार वरच्या दगडाखाली घालून त्याने जोर लावला, दगड हलला. भरमूने त्याच्या पायांना मिठी मारली. शामूने पहारीचं टोक त्याच्या पाठीत घातलं. ते बरगडीवरून घसरलं आणि सदऱ्याबरोबर मांस फाडत गेलं. भरमूने मिठी सोडली नाही. दुसरा घाव मानेवर येणार होता. तेवढ्यात बायाक्काने खाली पडलेला हातोडा उचलला आणि शामूच्या गुडघ्यावर घातला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. शामू मागे कलंडला आणि साडेतीन हातांवरून खाली पडला. मागच्या वेळी फोडून फेकलेल्या दगडांचा ढीग तिथेच होता. डोकं त्यावर आदळलं. पाय थोडा वेळ झाडले, मग थांबले.

बायाक्का हातोडा धरून तशीच उभी राहिली.

"दे हिकडं," भरमू म्हणाला.

"मी मारलाय."

"तू जेलात गेलीस तर पोरांना कोण? मला एक हात. मी बाहेर राहून काय करणार हाय? दे म्हणतोय न्हवं!"

तिने दिला.

फौजदाराला शंका आली. उजवा हात ठेचलेला माणूस एवढा घाव घालेल कसा? भरमूने तिथल्या तिथे डाव्या हाताने हातोडा चालवून दाखवला. चौकीतलं टेबल दुभंगलं. पुरावा पुरेसा मानण्यात आला. शामू आधी पहार घेऊन आला होता, हे भरमूच्या पाठीवर लिहिलेलंच होतं. म्हणून फाशी टळून सहा वर्षं सक्तमजुरी झाली. बोटं कुणी ठेचली याची चौकशी झाली नाही, कारण ज्याने ठेचली तो मेला होता आणि ज्याने ठेचायला सांगितली तो जिवंत होता.

हिंडलग्याच्या जेलात तो खडी फोडत होता. तिसऱ्या पावसाळ्यात यल्लाप्पा भेटीला आला. गजांपलीकडे उभा राहून तो बराच वेळ टोपी चुरगाळत राहिला.

"नदी आली होती," तो शेवटी म्हणाला. "बत्तीस सालापेक्षा जास्त."

भरमूने गज धरले. "आक्का?"

"हाय. पोरं बी हायत. पाणी सहाव्या पायरीला आलं, सातवी कोरडी. गल्लीतली पस्तीस माणसं तुझ्या जोत्यावर उभी होती, दीड दिवस. मी पण होतो." यल्लाप्पाने खाली बघितलं. "आठ जण वाहून गेले. ते पाटलांच्या तिसऱ्या पायरीवर बसले होते."

त्या दिवशी भरमूने नेमून दिलेल्यापेक्षा जास्त खडी फोडली, तेव्हा वॉर्डरने त्याला बडवला. पद्धत मोडल्याबद्दल.

शिक्षा भोगून तो परतला तेव्हा खालच्या गल्लीत नऊ घरं सात पायऱ्यांची झाली होती. मारुतीरावांनी आपल्या घराला तीन वाढवल्या होत्या. भरमूने ती घरं बघितली नाहीत. तो सरळ बहिणीच्या दारी गेला, चढला नाही. गुडघ्यावर बसून त्याने डाव्या हाताने नदीकडचा कोपरा चाचपला, एक डोळा मिटून रेघ धरली.

बायाक्का दारात आली. डोक्यावर पदर घेता घेता तिचा हात थांबला.

"भरम्या!"

"कोपरा बसलाय गं, आक्का. दोन बोटं."

"सहा वर्सांनी आलास आन् हेच बघतोस?"

"हातोडा कुठं हाय?"

"फौजदाराकडं," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून मोठ्याने रडायला लागली. भरमूने तिला रडू दिलं. मग शेजारी जाऊन यल्लाप्पाकडून हातोडा मागून आणला, आणि कोपरा उकरायला घेतला.