पुस्तकात नसलेली पारू

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुर्डुवाडीहून परंड्याला येणाऱ्या एसटीत होते. फोनवरचं माझं बोलणं ऐकून शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण होत्या तुमच्या?" मैत्रीण, म्हणाले. काय करायच्या, असं त्यांनी पुढं विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, "उंदरांच्या पोटातले जंत बघायची." बाईंनी पदर नाकाला लावला. तशातही मला हसू आलं, कारण निर्मला असती तर तिनं त्या बाईंना परंडा येईपर्यंत सगळं सविस्तर समजावलं असतं... आणि मग मी खिडकीकडं तोंड करून रडले.

आमच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, मी मराठी. स्टाफरूममध्ये माझा डबा आणि तिच्या गप्पा एकाच टेबलावर उघडत, त्यामुळं माझं वजन कधी वाढलं नाही. रानातल्या उंदराच्या आतड्यात कोण राहतं, काय खातं, या रानातला जंत पलीकडच्या रानात का नसतो, हे तिला पडणारे प्रश्न. एकदा सोनारीच्या शिवारातल्या उंदरात तिला फितीसारखा चपटा जंत सापडला. आखूड, रुंद, कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी न जुळणारा. जात नवी निघाली तर नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. तिनं ते आधीच ठरवून टाकलं होतं. पारू... तिच्या आईचं.

"अगं, जंताला आईचं नाव?" मी म्हणाले.

"मग कशाला देऊ? सुगी झाली की आई उंदराची बिळं उकरून ज्वारीची कणसं आणायची. आम्ही भावंडं त्यावर वाढलो. तिचं नाव एकदा कुठंतरी छापून यावं, एवढीच हौस आहे बघ." पारूबाईंचं नाव मतदारयादी सोडून कुठंच छापलेलं नव्हतं.

पण एकाच जंतावरून जात ठरत नाही, आणखी हवे होते. पुढच्या सुगीत ती मलाही सोनारीला घेऊन गेली. तिथं कुणी उंदीर द्यायला तयार होईना. "उंदराचे जंत काढून त्येला अजून धट्टाकट्टा करता व्हय बाई? आदीच ज्वारी ठिवंनात," एक आजोबा म्हणाले. मग नेहमीचा प्रश्न आलाच. "बाई, जात कोन्ची?" निर्मलानं हातातला मेलेला उंदीर शेपटीला धरून वर केला आणि त्याचं लांबलचक लॅटिन नाव सांगितलं, घराण्यासकट. आजोबा "न्हाय, म्हंजी तुमची..." एवढं म्हणून थांबले. तिला प्रश्न खरंच कळला नव्हता, की चांगलाच कळला होता, हे तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिथंच बांधावर बसून तिनं उंदीर चिरला, आतडं उघडलं. आजोबा आधी लांब, मग जवळ, मग तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. "येवढासा जीव, आन् त्येच्या पोटात बी भाडेकरू," म्हणाले. त्या सुगीत तिला उंदरांचा तोटा पडला नाही.

जंत मिळाले, पण सगळे लांबट, पुस्तकात आहेत तसे. निर्मलानं तो पहिला जंत पुन्हा पुन्हा काढून बघितला. मग तिनं एक जिवंत जंत मुद्दाम सरळ नमुने टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये टाकला. तो आखडला आणि हुबेहूब त्या पहिल्यासारखा आखूड, रुंद झाला. बाकीचे तिनं आधी थंड पाण्यात सैल होऊ दिले होते. पहिल्या वेळी आनंदाच्या भरात तेवढंच राहून गेलं होतं. "जात नवी न्हाय गं, घाई माझी," ती म्हणाली.

"कुणाला कळतंय? छापून टाक. पारूबाईंसाठी," मी म्हणाले.

"आईच्या नावावर खोटं?"

मी डब्याचं झाकण लावलं. तिचा लेख कुठंच गेला नाही. त्या दिवशी घरी जाताना ती रडली आणि मला तिचा रागच आला. इतकं सरळ असू नये माणसानं. त्यानंतरही ती रानोरान हिंडत राहिली, पण नवी जात काही तिच्या वाट्याला आली नाही. आणि मग हे आजारपण...

गेल्या आठवड्यात मी तिच्या प्रयोगशाळेत गेले. तिच्या सूक्ष्मदर्शकावर एक विद्यार्थिनी वाकलेली होती, तामलवाडीच्या उंदरातलं काहीतरी काचेवर घेऊन. मान वर न करताच ती शेजारच्या मुलीला म्हणाली, "ह्यात बी पारूच हाय."

"पारू कोण?" मी विचारलं.

"ह्या जंताचं नाव, मॅडम. पुस्तकात लई अवघड दिलंय. आमच्या मॅडम पारूच म्हणायच्या, मग आमी बी तेच म्हणतो. बघा की."

तिनं मला जागा करून दिली. इतक्या वर्षांत मी त्या यंत्राला कधी डोळा लावला नव्हता. लावला. आत गुलाबी रंगात, सैल, लांबच्या लांब पारू पसरली होती.