मास्टरवरचं कुंकू

चंद्राला फेरी मारून येणाऱ्या माणसांच्या जिवाची काळजी आमच्या घरात दोघं करायचो, आप्पा आणि मी. आप्पा बेळगावातल्या एका वर्कशॉपात टर्नर, मी त्याच वर्कशॉपात इन्स्पेक्शनला. यानाच्या दाराला बसणाऱ्या धातूच्या रिंगा आमच्याकडे व्हायच्या. रिंगेला खाच, खाचेत रबर. खाच जराशी जास्त खोल गेली तर रबर नीट दाबलं जात नाही आणि आतली हवा बाहेर जाते. आत माणसं, बाहेर काहीच नाही. म्हणून एकेक रिंग मी हातमोजे घालून, श्वास आवरून मोजायची. आणि रोज सकाळी येळ्ळूरहून आप्पांच्या स्कूटरवर मागं बसून यायची. हेल्मेट हँडलला लटकलेलं असायचं. पोलीस दिसला की आप्पा ते डोक्यावर ठेवायचे, चौक ओलांडला की परत हँडलला.

दिवाळीनंतर आप्पा रिटायर होणार होते. "माझा एक पीस कधी माघारी आला न्हाय," हे त्यांचं वाक्य. आमच्याकडं चहाबरोबर ते येणार, हे पाहुण्यांनाही ठाऊक होतं.

खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली. माझ्या काचेच्या खोलीत मात्र पूजेचं ताट आणायचं नाही, असा नियम होता. तो मीच टाइप करून दाराला चिकटवला होता. आप्पा ताट घेऊन बरोबर त्या कागदासमोर उभे राहिले.

"मास्टरला लावलं न्हाईस?"

मास्टर म्हणजे मापाचा ठोकळा. त्याच्यावर गेज ठेवून झिरो करायचा आणि मग रिंगा मोजायच्या.

"आप्पा, नियम हाय."

"अगं, आत माणसं बसणार हाईत. त्यांच्यासाठी तरी लाव की."

माणसांच्या सुरक्षेपुढं माझा नियम तो काय! मी करंगळीनं मास्टरच्या माथ्यावर कुंकवाचा ठिपका लावला. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पुसलाही. रिंगा मोजल्या, सगळ्या पास. झोकात सही ठोकली.

संध्याकाळी मास्टर पेटीत ठेवण्याआधी पांढरं फडकं फिरवलं, तर ते गुलाबी झालं. कुंकवाचा पातळ थर मास्टरवर तसाच राहिला होता. झिरोच चुकला होता, म्हणजे दिवसभराची सगळी मापं चुकली होती.

रिंगा पॅक होऊन गाडीची वाट बघत होत्या. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, निदान चंद्रापर्यंत तरी. मालकांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि पेट्या फोडायला लावल्या. नव्यानं मोजल्यावर एक सोडून सगळ्या रिंगा बऱ्या निघाल्या. त्या एकीची खाच खोल होती. नंबर वहीत बघितला. आप्पांच्या मशीनवरची.

मला रडू आलं आणि रागही आला. आप्पांचा आला, त्याहून जास्त माझा.

रिपोर्टात 'घाण कशाची?' असा रकाना होता. मी 'कुंकू' लिहिलं. पुढं गिऱ्हाइकाची मेल आली: या पदार्थाचा पुरवठादार कोण? मालक म्हणाले, "लिव्ह, देवघर."

पण त्या संध्याकाळी हसण्यासारखं काही नव्हतं. रिंगेला लाल टॅग बांधून मीच ती आप्पांच्या हातात दिली. त्यांनी खाचेवरून नख फिरवलं. नखाला कळण्याइतकी ती चूक नव्हती.

"माझीच हाय," म्हणाले. घरी पाहुणे बसले होते. चहा आला, वाक्य आलं नाही.

सकाळी स्कूटर दारात काढली. आप्पांनी हेल्मेट हँडलवरून घेतलं, डोक्यात घातलं, हनुवटीखाली पट्टा अडकवला. आमच्या गल्लीत पोलीस कधीच नसतो. मग मान वर करून माझ्यासमोर उभे राहिले.

"बघ गं, बसलंय का नीट?"

मी पट्ट्याखाली बोटं घातली. ढिला होता.

"न्हाय, आप्पा."

त्यांनी मुकाट्यानं पट्टा आवळला आणि पुन्हा मान वर केली.