मावशीची शेवटची मॅट्रिक

आमची मावशी सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडता निवडता तोंडी गणितं सोडवायची, आणि उत्तर चुकलं की काड्या टाकून पानं ठेवायच्या ऐवजी पानंच टाकून द्यायची. इंदोरा वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. जवळच्या बालवाडीत ती मदतनीस होती. लेकरांची नाकं ती पुसायची, गाणीही तीच शिकवायची. पण शिकवणारीला लेकरं 'बाई' म्हणतात आणि मदतनिसाला 'मावशी'. बाई व्हायला मॅट्रिक लागे. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे बाकी सगळे विषय तिनं काढले होते. गणित तेवढं चार वेळा तिला पुरून उरलं होतं.

तिचं खरं भांडण हौदाशी. एक तोटी हौद भरते, दुसरी रिकामा करते, तर हौद कधी भरेल? "काहून वं, आधी ते दुसरी तोटी बंद नाही करता येत त्याईले?" ती मलाच दरडावायची. पण पाचव्या खेपेला हौद तिला जमू लागले. ओट्यावर खडूनं आकडे मांडायची आणि उत्तर आलं की मला हाका मारून दाखवायची.

नेमकी तेव्हाच अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची आली. आमची पहिली तुकडी. जुन्या नापासांना जुन्या अभ्यासक्रमाची एकच संधी उरली होती; ती हुकली की विज्ञानासकट सगळे विषय नव्यानं. मी वर्गात पहिली, शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. "मावशी, आता गणितच बदललं. हौदबिद गेले, संच आले," मी ठणकावून सांगितलं. नवं पुस्तक सगळ्यांनाच, असं मी धरून चालले होते. कुणाला विचारलं नाही. तिनंही नाही विचारलं. "तू नवीन शिकून राहिली, तुलेच जास्त मालूम," म्हणाली आणि तीन महिने संच घोटत बसली.

पेपरच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी उभी होते. बाहेर येऊन तिनं प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली.

"संच कुठंच नव्हते वं."

पहिल्याच पानावर हौद होता.

मी पास झाले, ती राहिली. तरी माझे पेढे खायला आली. आईनं विचारलं, "काहून राहिलं वं या खेपेले?"

"माह्याच डोक्यात नाही उतरलं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. पेढ्यांचं ताट धरून मी तिथंच उभी होते आणि गप्प राहिले. त्याची मला आजही लाज वाटते. तिनं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली.

पुढे मी गणिताची शिक्षिका झाले. एकदा मावशी नातीचं नाव घालायला आमच्या शाळेत आली. व्हरांड्यात बोलत उभ्या होतो. इतक्या वर्षांनी धीर करून मी त्या संचांचं काढणार, एवढ्यात मागून एका पोरीनं हाक मारली, "बाई!"

आम्ही दोघीही वळलो.

मावशी हसली. पदर सावरत म्हणाली, "तुले बलावून राहिली वं. जा."