अध्यक्ष टेमकरांचा अंतिम निर्णय

दुबईतल्या आमच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या इमारतीत मराठी बिऱ्हाडांचं एक मंडळ आहे. विजयकुमार टेमकर त्याचे अध्यक्ष होते. रंगभूमीवर मी पुष्कळ राजे जवळून पाहिले. कुणी एण्ट्रीलाच मुकुट सावरायचे, कुणी टाळी पडल्याखेरीज सिंहासन सोडायचे नाहीत. टेमकरांची गोष्ट वेगळी होती. त्यांना सिंहासन मिळालं होतं, संवाद मात्र कुणी दिलेच नव्हते.

अबुधाबीत एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागाचे ते प्रमुख होते. त्यांची सही झाली की सिमेंट हलायचं. साठी आली, नोकरी संपली आणि तिच्याबरोबर व्हिसाही. विभावरी, त्यांची बायको, इथल्या शाळेत फिजिक्स शिकवते. तिने त्यांना स्वतःच्या व्हिसावर घेतलं. "बाई, मी आता हिचा डिपेंडंट," असं सांगून ते हसायचे, आणि आपण हसलो नाही तर दुखावायचे.

मंडळ निघालं तेव्हा घटना त्यांनीच लिहिली. गावाकडच्या पतपेढीची घटना समोर ठेवून लिहिली, त्यामुळे सुरुवातीला कागदोपत्री आमच्या मंडळाला गोदामही होतं. पण एक कलम त्यांनी जीव ओतून लिहिलं होतं: 'अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील.'

मैथिली आमची कार्यवाह. बँकेत नियम पाळले जातात की नाही हे बघणं तिची नोकरी. तिने पहिल्याच बैठकीत कलम वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे, काका. अंतिम म्हणजे शेवटचा. आधी आम्ही सगळे ठरवणार, मग शेवटी तुम्ही."

"अगं, अंतिम म्हणजे फायनल!"

"मग फायनल लिहायचं होतं ना. तुम्हीच म्हणालात, घटनेत इंग्रजी शब्द नको."

झालं. तेव्हापासून राज्यकारभार असा चालला: वडे तळून व्हायचे, पोरं दुसरा घास घ्यायची, आणि मग टेमकर उभे राहून सांगायचे, "यंदा बटाटेवडे करावेत, असा निर्णय मी घेत आहे." टाळ्या पडायच्या. मतदानातही त्यांना मत नव्हतं, मतं समसमान पडली तरच एक. विभावरी धरून आठ जणांच्या समितीत तशी कधी पडलीच नाहीत, कारण आमच्या लोकांना भांडायला आवडतं, मोजायला नाही.

दोनच कार्यकाळ, हे कलमही त्यांचंच. दुसरा कुणीतरी खुर्चीला चिकटेल या भीतीने घातलेलं. आता दुसरा कार्यकाळ संपत आला होता. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "बाई, हे पद गेलं की मला फोन फक्त बँकेचे येतील. कर्ज हवंय का विचारायला." त्या दिवशी ते हसले नाहीत. मीही नाही.

त्यातच तन्मयने दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकायचा प्रस्ताव आणला. तन्मय आमच्याकडे नाटुकली बसवतो आणि प्रत्येकात स्वतः नायक असतो. अध्यक्ष कधी अडवत नसल्यामुळे त्याला हेच अध्यक्ष हवे होते.

शनिवारी दुपारी गच्चीवरच्या हॉलमध्ये बैठक भरली. मला समितीत मत नाही, सल्लागार म्हणून फक्त खुर्ची आहे. प्रस्तावाच्या बाजूने चार हात वर झाले. मग विरोधात. एक, दोन, तीन, आणि चौथा हात विभावरीचा.



"वहिनी, घरचं मत घरी द्यायचं असतं," तन्मय म्हणाला.

"घरी देतेच. इथे मोजतात, म्हणून इथेही दिलं."

मैथिलीने घसा साफ केला. "काका, चार-चार. आता तुमचं मत."

टेमकर बायकोकडे बघत होते. रंगमंचावर इतका मोठा पॉज घ्यायला नटाची छाती लागते. त्यांना तो घ्यायचा नव्हता, शब्दच सापडत नव्हते.

"का गं?" एवढंच आलं.

"सांगू? सगळ्यांसमोर?"

"सांग."

"हे सगळे तुम्हाला बाजूला ठेवून बोलतात. खुर्चीत तुम्ही, आणि विचारतं कुणी नाही. इतक्या वर्षांत तुम्ही कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. अबुधाबीत तुम्ही ठेकेदारांना परत पाठवायचात. मला तो माणूस माहीत आहे. हा कोण बसलाय, मला माहीत नाही."



टेमकर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझं मत विरोधात. प्रस्ताव नामंजूर."

"काका, भावनेच्या भरात नको," तन्मय म्हणाला. "यल्ला, चला, परत एकदा हात वर करू या..."

"नाही."

शब्द छोटा होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्यांना स्वतःलाही तो ऐकू आला असावा, कारण चेहरा बदलला. लोक खुर्च्या सरकवू लागले.

"बसा. सभा संपलेली नाही. नवा अध्यक्ष निवडेपर्यंत मी आहे."

सगळे बसले. तन्मयचं नवं नाटुकलं? नाही, यंदा समितीतली आभा बसवेल. गणपतीत कराओके? नाही. वडे? आधी विचारा, मग तळा. मैथिलीने पेन उचललं, "पण काका, घटनेप्रमाणे..."

"नाही."

तिने पेन ठेवलं. त्या अर्ध्या तासात या गृहस्थाने सगळ्या वर्षांची थकबाकी वसूल केली. लोकशाहीचं काय झालं ते मला विचारू नका. मी तर पहिल्या रांगेत बसून टाळी दाबत होते. विभावरी आधी हसत होती. मग हसू जरा आवरलं. मग ती घड्याळाकडे बघू लागली.

टेमकरांनी पुढचा विषय काढला. हॉलच्या पडद्यांचा रंग.

"पुरे आता," विभावरी पर्स उचलत म्हणाली. "चला घरी."

त्यावर त्यांनी मतदान मागवलं नाही.